राजाचे घोडे, साधूंची हाडं आणि मोतद्दाराचं गाणं : ठाण्याच्या ऐकीव इतिहासाची झाडाझडती

ठाण्याच्या एका राजाने समुद्री चाच्यांशी सरळ व्यवहार ठरवला होता. जहाजं लुटा, माल तुमचा. घोडे मिळाले तर तेवढे माझे. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस हे लिहून ठेवलंय, आणि असलं वागणं राजाला शोभत नाही असा शेराही मारून ठेवलाय.

कौपिनेश्वराच्या देवळासमोर, जांभळी नाक्याकडून भाजीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या कुणाला ही गोष्ट सांगितली तर दोनच उत्तरं मिळतील. एक म्हणजे "काय सांगता!", आणि दुसरं "छे, थापा असतील." दोन्ही उत्तरांनी गोष्ट तिथेच मिटते. इतिहासाचं काम करणाऱ्यांचा दिवस मात्र तिथून पुढे सुरू होतो. ते नेमकं काय करतात, हे ठाण्याच्याच काही गोष्टी घेऊन सांगतो. ठाण्याच्याच घ्यायचं कारण असं, की पहिली रेल्वे आणि तलाव यापलीकडे आपण या शहराचं फारसं काही सांगत नाही, आणि इथल्या मातीत तर एकाहून एक अतरंगी माणसं येऊन गेली आहेत.

पद्धत तशी साधी आहे. गोष्ट कोण सांगतंय, घडल्यानंतर किती वर्षांनी सांगतंय, कुणाला ऐकवायला सांगतंय आणि त्यात त्याचं स्वतःचं काय गुंतलंय, एवढंच विचारायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. माणूस जे पटवायला बसलाय त्यावर संशय घ्यायचा. पण पटवता पटवता तो जे सहज बोलून जातो, ज्यात त्याचा ना फायदा ना तोटा, ते अलगद उचलून ठेवायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून तावातावाने भांडणारा म्हणतो, "मी रात्री दोनला नाशिकहून आलो तर ह्यांची गाडी माझ्या जागेवर!" जागा कुणाची, हा वाद. तो नाशिकला गेला होता, हे मात्र बहुतेक खरं.

हीच चाळणी आता पोलोला लावू.

पोलो म्हणतो, ठाण्याचा राजा स्वतंत्र आहे, कुणाला खंडणी देत नाही. इथेच पहिली ठेच लागते. श्रीस्थानक म्हणजे ठाणे ज्यांची राजधानी होती, ते उत्तर कोकणचे शिलाहार पोलो या समुद्रातून जाण्याआधी दोन-तीन दशकं संपलेले होते. त्यांच्यानंतर कोकण देवगिरीच्या यादवांकडे गेलं. रामचंद्र यादवाच्या काळातले ताम्रपट ठाण्याच्या परिसरात मिळालेत, आणि त्यांत इथला कारभार त्याचे अधिकारी पाहताना दिसतात. तेव्हा पोलोचा तो 'राजा' म्हणजे एखादा शिरजोर स्थानिक अधिकारी असेल, नाहीतर बंदराबंदरांतून फिरत आलेली शिलाहारांच्या वेळची आठवण. राजा म्हणून त्याला धरून ठेवण्यात अर्थ नाही.

घोड्यांचं काय? ते सोडून देण्यासारखं नाही. कारण पोलो सहज पुढे सांगून जातो, की राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत, आणि परदेशातून हिंदुस्थानकडे येणारं एकही जहाज घोड्यांशिवाय येत नाही. कोकणात घोड्यांची पैदास होत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चार महिने पाऊस, बाराही महिने घाम, चरायला माळरान नाही. चांगला घोडा यायचा अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून, होर्मुझसारख्या बंदरांतून, वाऱ्याचा हंगाम साधून. दक्षिणेतल्या राजांबद्दल लिहिताना पोलोच नोंदवतो, की तिथे दरवर्षी हजारो घोडे विकत घेतात आणि निगा राखणारी माणसं नसल्यामुळे त्यातले बहुतेक मरतात. म्हणजे घोडा ही एकदा करून संपणारी खरेदी नव्हती. पागा दर हंगामाला रिकामी होणार आणि दर हंगामाला भरावी लागणार.

आता तो करार पुन्हा वाचा. कापड, चामडं, धूप असल्या मालावर राजाला जकात मिळतच होती. त्यासाठी लूटमार कशाला? घोडा मात्र जकातीतून मिळत नाही. घोड्याशिवाय घोडदळ नाही, आणि घोडदळ नसलेल्या राजाकडे घाटावरचा शेजारी फार दिवस नुसता बघत बसत नाही. शिवाय पोलोने नाक मुरडलं तरी असा वाटा घेणारा हा काही एकटाच राजा नव्हे. तीनशे वर्षांनी इंग्लंडची एलिझाबेथ राणी फ्रान्सिस ड्रेक या दर्यावर्दीच्या लुटीत भागीदार होती, आणि तिने त्याला थेट सरदारकी दिली. ड्रेकच्या वाट्याला पराक्रम आला, ठाणेकराच्या वाट्याला नालस्ती. सांगणारा कुठल्या गावचा यावर बरंच काही ठरतं.

सांगणारा घरचा असला म्हणून तो जास्त खरा असतो असंही नाही. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि यादवांचा महादेव यांची लढाई १२६५ च्या सुमाराची. तिची हकीकत देणारा आहे महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. तो लिहितो, की कोकणचा राजा समुद्रात पोहण्यात तरबेज होता खरा, पण महादेवाच्या मस्तवाल हत्तींच्या गंडस्थळांतून वाहिलेल्या मदाच्या नद्यांत तो फौजेसकट बुडाला. पगार घेऊन लिहिलेली प्रशस्ती कशी असते याचा हा उत्तम नमुना! हत्तींच्या मदात कुणी बुडत नसतं. पण मालकाची थोरवी गाताना पंतांनी एक गोष्ट कबूल केली, ती ही की कोकणच्या राजाचं बळ पाण्यावर होतं. बोरिवलीजवळच्या एकसर गावी सहा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलीय, जहाजं एकमेकांवर चाल करून जाताना दिसतात. ती याच लढाईची म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि दोनशे वर्षं मागची, माळव्याच्या भोज राजाच्या कोकणस्वारीची म्हणणारेही आहेत. दगड स्वतः कुणाचं नाव सांगत नाही. तरीही हेमाद्रीची अतिशयोक्ती आणि दगडावरची वल्ही शेजारी ठेवली, की या किनाऱ्यावर आरमारी लढाया होत होत्या एवढं पक्कं हाती लागतं.

काळाचं अंतर किती फरक पाडतं, त्याचं उदाहरण याहून जुनं आहे. इ. स. ६३६ च्या सुमारास बहरीन आणि ओमानचा सुभेदार उस्मान याने खलिफा उमरची परवानगी न घेता ठाण्यावर आरमार पाठवलं. ते सुखरूप परत आलं. मग खलिफाचं पत्र गेलं : तू किड्याला लाकडावर बसवलंस, माझी माणसं दगावली असती तर तेवढीच माणसं तुझ्या कुळातून वसूल केली असती. पत्र फर्मास आहे. पण ते आपल्याला मिळतं बलाधुरी नावाच्या इतिहासकाराकडून, आणि तो नवव्या शतकातला. मधे दोनशेहून जास्त वर्षं गेली. पत्रातले शब्द जसेच्या तसे टिकले यावर मी तरी पैज लावणार नाही. उमरची कडक शिस्त दाखवायला ते फारच सोयीचे आहेत. मात्र लुटायला निघालेल्या आरमाराने नेमकं ठाणं निवडलं, यात बलाधुरीला काही सिद्ध करायचं नव्हतं. लुटण्याजोगं काही असल्याशिवाय कुणी अरबी समुद्र ओलांडून येत नाही.

याच रांगेत एक सभ्य माणूसही बसवतो, नाहीतर ठाण्यात नुसती लुटालूटच होती असं वाटायचं. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्याने तेजःकंठ नावाचा पंडित वकील म्हणून थेट काश्मीरला पाठवला. तिथे मंख नावाच्या कवीने आपलं महाकाव्य विद्वानांच्या सभेत वाचून दाखवलं, आणि सभेला कोण कोण हजर होतं त्याची यादी काव्याच्या शेवटी जोडून दिली. त्या यादीत कोकणच्या राजाचा हा दूत आहे. मंखाला आपली सभा किती भारदस्त होती हे मिरवायचं होतं, त्यामुळे दुरून आलेला पाहुणा त्याने हौसेने नोंदवला. याज्ञवल्क्य स्मृतीवरची 'अपरार्क' टीका शिलाहार राजाच्या नावावर आहे, आणि काश्मीरच्या पंडितांत ती पुढे कित्येक शतकं धर्मशास्त्राचा आधार म्हणून वापरात राहिली. ठाण्याचा ग्रंथ काश्मिरात पोचला तो अशा जाण्यायेण्यातून.

आता जरा नाजूक गोष्ट. १३२१ चा एप्रिल महिना. फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू ठाण्यात होते : टॉलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियातल्या तिफ्लिसचा दिमित्री, जो त्यांचा दुभाष्या होता. जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, पण जहाज लागलं ठाण्याला. इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांची पंधरा घरं होती, त्यांतल्या एका घरी हे उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. बाई उठली आणि काझीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण? तर घरी उतरलेले पाहुणे. काझीने साधूंना बोलावलं. एकाला सामान राखायला घरी ठेवून तिघे गेले. साक्ष राहिली बाजूला, धर्मावर वाद जुंपला, विषय पैगंबरांवर गेला, आणि पुढच्या काही दिवसांत चौघेही मारले गेले.

त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन साधू तेव्हा सोपाऱ्याकडे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याकडे, गेला होता म्हणून वाचला. त्याने प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली आणि युरोपात पत्रं पाठवली. १३२९ मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. पण गोष्ट रंगवली ती दुसऱ्याने. ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन काही काळाने ठाण्यात आला, त्याने हाडं उकरून काढली, कापडात बांधली आणि चीनमधल्या आपल्या मठाकडे घेऊन निघाला.

त्या प्रवासातला एक प्रसंग ओडोरिकने तपशिलात दिलाय. भर समुद्रात वारा पडला. शिडं लोंबकळली. जहाजावरच्या हिंदूंनी आपल्या देवांना साकडं घातलं, वारा आला नाही. मग मुसलमानांनी दुआ मागितली, तरी नाही. मग सगळे ओडोरिककडे वळले : आता तुम्ही मागा, आणि वारा आला नाही तर ही हाडं समुद्रात टाकू. ओडोरिकने प्रार्थना केली. काही हललं नाही. तेव्हा त्याने हळूच एक हाड काढून आपल्या नोकराच्या हातात दिलं आणि नाळेवरून गुपचूप पाण्यात टाकायला सांगितलं. वारा सुटला.

ओडोरिकचं यात काय गुंतलंय ते उघड आहे. आपल्या पंथाच्या चार जणांना संतपद मिळावं, यासाठी चमत्कार हवेत. म्हणून त्याच्या हकिगतीत जेम्स आगीत टाकूनही जळत नाही, हाडं ठेवलेल्या घराचा तेवढाच कोपरा आगीतून वाचतो, दिल्लीचा सुलतान ठाण्याच्या अधिकाऱ्याला शिक्षा करतो. (थॉमसला पोपने 'धन्य' ठरवलं ते १८९४ मध्ये, रोमची फाइलही आपल्यासारखीच चालते.) या सगळ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग.

पण चमत्कार वजा केल्यावर काय उरतं ते बघा. सातशे वर्षांपूर्वीच्या ठाण्यात मार खाल्लेली एक ख्रिस्ती बाई काझीपर्यंत जाऊ शकते, तिचं म्हणणं ऐकलं जातं, परदेशी पाहुण्यांना साक्षीला बोलावलं जातं. एकाच जहाजावर तीन धर्मांची माणसं पाळीपाळीने वाऱ्यासाठी हात जोडतात. हे सांगून ओडोरिकला एक पैचाही लाभ नव्हता. त्याला ते वेगळंही वाटलं नाही, म्हणून तर त्याने ते इतक्या सहज लिहिलं. आणि अजून एक. तो म्हणतो, ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, म्हणून इथे उंदीर कुत्रे धरतात. युरोपातल्या वाचकाला ही लोणकढी वाटली असेल. स्टेशन रोडच्या गटारावर रात्री बसलेली घूस ज्याने पाहिली आहे, तो ओडोरिकच्या बाजूने शपथेवर साक्ष देईल.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. तिच्यात गाणं आहे, खून आहे आणि भरपूर हिशेबही आहेत, त्यामुळे जरा सावकाश घेऊ.

आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी बेट, ज्यावर ठाणे आहे ते, इंग्रजांकडेच राहिलं आणि समोरचा मुलूख पेशव्यांकडे. म्हणजे १८१५ साली ठाणे कंपनी सरकारचं, तर खाडीपलीकडचं कल्याण पेशव्यांचं. आजची नवी मुंबई जिथे आहे ती बेलापूरची पट्टीसुद्धा पेशव्यांची. मधे खाडीचं पाणी तेवढं.

या किल्ल्यात १८१५ च्या सप्टेंबरपासून एक बडा कैदी होता, त्रिंबकजी डेंगळे. संगमनेरकडच्या निमगाव जाळीचा पाटील. नोकरीची सुरुवात जासूद म्हणून. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं घेतलं तेव्हा दुसरा बाजीराव महाडला पळाला होता. तिथून पुण्याला पत्र पोचवून त्रिंबकजीने उत्तर इतक्या लवकर आणलं की तो पेशव्याच्या नजरेत भरला. मग वर चढत चढत तो बाजीरावाचा उजवा हात झाला. इंग्रजांना तो अजिबात खपत नसे.

त्याच्या समोर उभा होता गंगाधरशास्त्री पटवर्धन, बडोद्याच्या गायकवाडांचा कारभारी. हा माणूस नाटकात घालण्यासारखा. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने एका पत्रात त्याचं चित्र काढलंय : मोठा व्युत्पन्न शास्त्री, पण ऐट पक्क्या इंग्रजाची, भरभर चालतो, भरभर बोलतो, मधेच तोडतो, उलट उत्तर देतो, आणि पेशव्याला नि त्याच्या मंत्र्यांना मोडक्या इंग्रजीत शिव्या हासडतो. पगडी पुणेरी, तोंडात गोऱ्यांच्या शिव्या! अशा माणसाबद्दल पुण्याच्या दरबारात काय बोललं जात असेल, ते वेगळं सांगायला नको.

भांडण पैशाचं होतं. गुजरातच्या महसुलात पेशवे आणि गायकवाड दोघांचे हिस्से. अहमदाबादेचा पेशव्यांचा हिस्सा गायकवाडांनी दहा वर्षांच्या इजाऱ्याने घेतला होता, म्हणजे ठरीव रक्कम भरायची आणि वसुली आपण करायची. १८१४ मध्ये ती मुदत संपली. बाजीरावाने इजारा पुढे वाढवला नाही, अहमदाबाद त्रिंबकजीच्या हाती दिलं आणि जुन्या थकबाकीचा हिशेब मागितला. हिशेब मिटवायला शास्त्री पुण्याला आला. पण १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्याला गायकवाडांशी परस्पर काही ठरवायची मुभाच नव्हती. वाद इंग्रजांनी तोडायचा, असं तिथे लिहून गेलं होतं. म्हणून शास्त्री आला तो कंपनीने सुरक्षिततेची हमी दिल्यावर. पुढच्या सगळ्या महाभारताची किल्ली या हमीत आहे. ती नसती तर शास्त्रीचा खून हे दोन मराठी दरबारांतलं प्रकरण राहिलं असतं.

बाजीरावाने आधी शास्त्रीला गोड बोलून वळवायचा प्रयत्न केला. आपली मेहुणी त्याच्या मुलाला द्यायचं ठरवलं, लग्नाची तयारी झाली, आणि शास्त्री ऐनवेळी मागे सरला. हा अपमान झाला. मग आषाढीच्या सुमारास सगळे पंढरपूरला गेले, आणि १८१५ च्या जुलैमधल्या एका रात्री विठ्ठलाच्या देवळातून परतताना शास्त्रीला मारेकऱ्यांनी कापून काढलं. एल्फिन्स्टनने बोट दाखवलं त्रिंबकजीकडे. बाजीरावाने बरीच टाळाटाळ केली, मग सप्टेंबरात त्याला इंग्रजांच्या हवाली केलं.

ठाण्याच्या किल्ल्यात खबरदारी अशी घेतली गेली, की पहाऱ्याला एकही देशी शिपाई नाही, सगळे गोरे. देशी माणूस फितेल, गोरा फितणार नाही, हा हिशेब. पण किल्ल्यातल्या एका अंमलदाराच्या घोड्याला मराठी मोतद्दार होता. तो घोडा फिरवायला, पाण्यावर न्यायला रोज कैद्याच्या खिडकीखालून जायचा. जाताना गाणं म्हणायचा, आपल्याच नादात असल्यासारखं. शिपाई ऐकायचे, त्यांना कळायचं काहीच नाही. कैद्याला सगळं कळायचं, कारण सुटकेचा बेत त्या गाण्यातच होता. १२ सप्टेंबर १८१६ ला रात्र पडता पडता, भर पावसात, त्रिंबकजी शौचाला म्हणून उठला. शौचकूपाच्या भिंतीला आधीच भोक पाडून ठेवलेलं होतं, पलीकडे तबेला. पहारेकऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत तो गेला होता.

ही हकीकत दोन इंग्रजांनी लिहिलीय. एक ग्रँट डफ, एल्फिन्स्टनच्या हाताखाली काम केलेला, साताऱ्याला रेसिडेंट राहिलेला. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला. दुसरा कलकत्त्याचा बिशप हेबर. त्याचं प्रवासवर्णन १८२८ मधलं. डफ सांगतो, मोतद्दार गाऊन निरोप द्यायचा, बस. हेबर पुढे जाऊन गाण्याचे बोलच देतो, तेही यमकं जुळवलेल्या इंग्रजीत. झुडपाआड तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, रानवाटेने माझ्यासोबत दौडणारा वीर कुठे मिळेल. तिथे पंचावन्न घोडे आहेत आणि चोपन्न माणसं, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन पुन्हा भरभराटीला येईल.

मला हे बोल संशयास्पद वाटतात. हेबर स्वतः कवी होता, आणि त्या काळात इंग्रजी वाचक डोंगरी टोळ्यांच्या शौर्यगीतांवर लट्टू होते. हे पद्य त्या साच्यातून निघाल्यासारखं आहे. तिरंदाजांवरून मात्र हसू नये. सह्याद्रीत आणि खानदेशात भिल्ल-कोळ्यांच्या हाती तेव्हा धनुष्यबाण होतेच, आणि सुटल्यावर त्रिंबकजीने माणसं जमवली ती याच मुलखात. निरोपाचा गाभा खरा असू शकतो, यमकं बिशपसाहेबांची.

मग डफचं साधं रूप तरी विनाशंका घ्यावं का? तिथेही गुंतलेलं आहेच. एवढा मोठा कैदी हातातून निसटला, तर पहारा झोपला होता म्हणण्यापेक्षा शत्रू भलताच हिकमती होता म्हणणं सरकारला बरं दिसतं. गाण्याची गोष्ट पहारेकऱ्यांवर पांघरूण घालते. म्हणून मी इथेही सहज बोलून गेलेलं वाक्य शोधतो, आणि ते सापडतं. बेटावर चाळीस वर्षं राज्य करूनही खिडकीखालच्या पहाऱ्यात एकालाही मराठी येत नव्हती. फितुरीच्या भीतीने मराठी शिपाई दूर ठेवले, पण घोड्याला खरारा करायला, दाणापाणी बघायला माणूस मराठीच लागला. शिपायाच्या हातात बंदूक असते म्हणून तो हिशेबात धरला जातो. मोतद्दाराच्या हातात लगाम. तो कुणाच्या यादीत नव्हता. डफला हे कबूल करायचं नव्हतं, पण त्याच्या गोष्टीचा सगळा डोलारा यावरच उभा आहे.

पुढचं चटकन सांगतो. त्रिंबकजीने संगमनेर, नाशिक, खानदेशच्या डोंगरांत माणसं उभी केली. बाजीराव आतून त्याला सामील आहे असं एल्फिन्स्टनने धरलं, आणि १८१७ च्या जूनमध्ये पेशव्यावर पुण्याचा तह लादला. त्यात बाजीरावाला मराठा मंडळाचं प्रमुखपद सोडावं लागलं, उत्तर कोकण द्यावं लागलं, आणि शास्त्रीचा खून त्रिंबकजीनेच केला हेही लिहून द्यावं लागलं. त्रिंबकजीवर खटला कधी चालला नाही. पुरावा गोळा केला तो आरोप करणाऱ्यानेच, आणि निकाल लागला तहाच्या कलमात. खुनाचे हुकूम नेमके कुणाचे, बाजीरावाचा हात किती, हे प्रश्न त्या कलमाखाली दाबले गेले. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. पुढच्या जूनमध्ये बाजीराव शरण आला आणि सालाना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्रिंबकजी नाशिककडे पकडला गेला.

या खेपेला त्याला ठाण्यात ठेवलं नाही. गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात नेलं, आणि १८२९ मध्ये तो तिथेच वारला. १८२४ मध्ये हेबर त्याला तिथे भेटला होता. त्याच्या झोपायच्या खोलीला गजांच्या खिडक्या, त्या पहाऱ्याच्या ओसरीवर उघडणाऱ्या, आणि पहाऱ्याला आता गोऱ्यांच्या जोडीला देशी शिपाईसुद्धा. ठाण्याचा धडा गिरवलेला दिसतो. फक्त हे शिपाई बंगालच्या फौजेतले, उत्तर हिंदुस्थानी. खिडकीखालून कुणी मराठीत गात गेलं असतं, तर त्यांनाही फारसं कळलं नसतं.